आपल्याच जिल्ह्यात प्रवासी

(गेल्या गणेशोत्सवात बिजौली येथे रात्रीच्या आरतीनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आटोपशीर केला आहे.)





दरवर्षी आपण वक्ता बाहेरून बोलावतो. यंदा कार्यवाह म्हणाले, ‘घरचाच कोणीतरी बोलू दे,’ आणि माझे नाव घालून मोकळे झाले. अट एकच घातली, की रुळांवर बोलायचे नाही. मान्य आहे. मी प्रवासावर बोलणार आहे. पण रूळमार्ग खात्यातल्या माणसाच्या प्रवासात रूळ येणारच, तेवढे सांभाळून घ्या.

पुण्याहून, नाशिकहून, कोकणातून आपल्याकडे पाहुणे येतात. आपण त्यांना काय दाखवतो? सकाळी किल्ला, मग राणीमहाल, घरी येऊन जेवण, दुपारी ओरछा, रामराजाचे दर्शन, बेतवेत पाय बुडवायचे आणि परत. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना गाडीत बसवून दिले की आपली झाशी संपली. पाहुण्यांचे सोडा. इथे वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला विचारा, किल्ला आणि ओरछा सोडून जिल्ह्यात काय पाहिलेत? उत्तर येते, ‘इथे आहेच काय? उन्हाळा आणि धूळ.’

आता दुसरी गोष्ट. आपल्यापैकी काहींची मुले इंग्लंडात आहेत. आईवडील एकदा तरी जाऊन येतात आणि आल्यावर फोटो दाखवतात. लंडन दोन दिवसांत आटोपते. मग मुलगा गाडी काढतो आणि त्यांना घेऊन जातो कुठे, तर खेड्यात! ग्लॉस्टरशायर नावाची काउंटी आहे, म्हणजे जिल्हाच म्हणा, शेतीभातीचा आणि मेंढ्यांचा. फोटोत काय असते? दगड रचून केलेली बुटकी कुंपणे, एक ओढा, ओढ्यावर छोटा पूल, जुने देऊळ म्हणजे चर्च, आणि त्यापुढे आपले काका-काकू स्वेटर घालून उभे. तिथल्या बायबरी नावाच्या गावात आर्लिंग्टन रो म्हणून घरांची एक ओळ आहे. चौदाव्या शतकात ती लोकर साठवायची इमारत होती, सतराव्या शतकात तिची विणकरांसाठी बिऱ्हाडे केली. आज जगभरातले लोक ती विणकरांची घरे बघायला येतात. ती सांभाळते नॅशनल ट्रस्ट नावाची संस्था, १८९५ साली स्थापन झालेली.

मी स्वतः इंग्लंडला गेलेलो नाही. हे सारे वाचून आणि या मंडळींकडून ऐकून सांगतो आहे. पण एका गोष्टीची मला फार गंमत वाटली. तिकडे शेतांमधून जाणाऱ्या जुन्या पायवाटांवर कोणालाही चालायचा हक्क आहे आणि १९४९ च्या कायद्याने त्या वाटांच्या सरकारी नोंदी झाल्या. नकाशावर त्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. शेत पाटलाचे असले तरी वाट तुमची. शहरातला कारकून रविवारी नकाशा घेतो आणि अनोळखी गावांतून दहा मैल चालून येतो. यालाच ते सहल म्हणतात.

आणि रेल्वेवाल्यांनी ऐकावे असे एक उदाहरण. उत्तर इंग्लंडात सेटल ते कार्लाईल असा डोंगराळ मुलखातला रेल्वेमार्ग आहे. त्यावर रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल आहे. पुलाची दुरुस्ती परवडत नाही म्हणून १९८० च्या दशकात तो मार्गच बंद करायचे घाटत होते. लोकांनी मोठा विरोध केला आणि १९८९ साली सरकारने बंदीचा प्रस्ताव फेटाळला. आज त्या मार्गावरून बाहेरचा मुलूख बघायला लोक मुद्दाम तिकीट काढून जातात. गाडी कुठे पोचते याला महत्त्व नाही.

आता मी विचारतो, त्या काउंटीत असे काय आहे जे झाशी जिल्ह्यात नाही? ओढे आपल्याकडे आहेत, दगड तर वाटेल तेवढा. फरक मला असा दिसतो, की तिथले प्रत्येक घर, पूल, वाट कोणीतरी जाऊन पाहिलेली आहे, तिला नाव आहे आणि ती पडली तर बोंब मारणारे कोणी आहे. आमच्या खात्यात कीमन रोज सकाळी हातोडा आणि पाना घेऊन आपला बीट चालतो. चाव्या ठोकतो हे त्याचे काम खरेच. पण तो रोज चालतो म्हणून काय बिघडले ते कळते. चार महिने कोणी चाललेच नाही अशा रुळांवरून गाडी न्यायची हिंमत मी करणार नाही. जिल्ह्याचेही असेच आहे.

मराठी माणसाने हा मुलूख प्रवाशाच्या डोळ्यांनी कधी पाहिलाच नाही असे मात्र नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घरातून निघाले. वय तिशीचे. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, असे ऐकले होते. महूच्या छावणीपर्यंत पोचतात तो बंडाची बातमी. परत फिरायचे सोडून गृहस्थ पुढे आले आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये, ह्यू रोजचा वेढा पडला तेव्हा, झाशीच्या तटाच्या आत होते. शहर पडल्यावर लुटालुटीत कमावलेले गेले. पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीजवळ त्यांना राणीसाहेब भेटल्या, धुळीने माखलेल्या आणि तहानलेल्या. शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन ते वरसईला परतले. हे सगळे त्यांनी लिहून ठेवले आणि चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली ‘माझा प्रवास’ म्हणून छापले. पुस्तक बहुतेकांच्या कपाटात आहे. वाचताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. जिवावर बेतलेले असताना हा माणूस कोणत्या गावात काय खायला मिळाले, बाजार कसा, देवळे कशी, माणसे कशी वागली हे टिपून ठेवतो. आपल्याला पगार आहे, पास आहे, रविवारची सुटी आहे, आणि आपण म्हणतो इथे आहेच काय!

तर चला, माझ्याबरोबर एका गाडीत बसा. झाशी-माणिकपूर मार्ग. २०२१ च्या डिसेंबरपासून आपल्या स्टेशनची पाटी ‘वीरांगना लक्ष्मीबाई झाशी’ अशी झाली आहे, तिथून निघायचे. पॅसेंजर धरा, खिडकी धरा. मी हा मुलूख बऱ्याचदा पुश ट्रॉलीवरून पाहिला आहे. चार ट्रॉलीमन मागून ढकलतात, ताशी दहा-बारा किलोमीटर, वर छत्री आणि दोन्ही बाजूंना मोकळा देखावा. आगगाडीतून जिल्हा दिसतो तो ओघळल्यासारखा. ट्रॉलीवरून प्रत्येक मोरी, प्रत्येक मोहाचे झाड वेगळे दिसते. आता ट्रॉलीवर तुम्हाला बसवता येत नाही, नियमात बसत नाही, म्हणून पॅसेंजर.

पहिले स्टेशन ओरछा. ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून उतरायचे नाही. एवढेच सांगतो, की पुढच्या वेळी जाल तेव्हा लक्ष्मीनारायण मंदिरात जा. ते गावापासून जरा लांब टेकाडावर आहे म्हणून पाहुण्यांना कोणी नेत नाही. आतल्या भिंतींवरच्या चित्रांत रामायण तर आहेच, पण टोपीवाल्या गोऱ्या शिपायांची लढाईही रंगवलेली आहे.

खिडकीतून मात्र एक गंमत बघा. झाशी उत्तर प्रदेशात, ओरछा मध्य प्रदेशात, बरुआसागर उत्तर प्रदेशात, निवाडी पुन्हा मध्य प्रदेशात, मऊरानीपूर उत्तर प्रदेशात, हरपालपूर मध्य प्रदेशात, बेलाताल उत्तर प्रदेशात. मोबाईलवर स्वागताचे संदेश येऊन येऊन थकतात. नवीन आलेले सहकारी विचारतात, ही हद्द आखणाऱ्याने भांग घेतली होती काय? तसे नाही. ती हद्द बऱ्याच अंशी आपल्याच लोकांनी आखली आहे.

१७४२ साली ओरछेकरांच्या हातून राणोजी शिंद्यांचा मुलगा जोतिबा मारला गेला. त्यानंतर पेशव्यांनी नारो शंकर यांना इकडे पाठवले. त्यांनी ओरछा राज्याचा मोठा लचका तोडला आणि झाशीला ठाणे केले. बीरसिंहदेवाने १६१३ साली बांधलेला किल्ला त्यांनी वाढवला. त्या भागाला आजही शंकरगढ म्हणतात. किल्ल्याखाली लोक आणून वसवले, तीच झाशी शहराची खरी सुरुवात. मालेगावचा भुईकोट बांधणारे ते हेच आणि नाशिकला गोदाकाठी १७४७ सालचे देऊळ आहे, ज्याची ‘नारोशंकराची घंटा’ प्रसिद्ध आहे, तेही यांचेच. तर मराठ्यांनी जे घेतले ते पुढे नेवाळकरांचे झाशी संस्थान झाले. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधरराव गेले, दुसऱ्या वर्षी इंग्रजांनी संस्थान खालसा केले आणि तो मुलूख पुढे उत्तर प्रदेशात आला. ओरछेकरांकडे जे उरले ते संस्थान म्हणून १९४७ पर्यंत टिकले, मग विंध्य प्रदेशात आणि १९५६ साली मध्य प्रदेशात गेले. मधे काही वर्षे झाशी शिंद्यांकडेही होती. १८८६ साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात त्यांनी ती परत इंग्रजांना दिली. मोबाईल जेव्हा ‘मध्य प्रदेशात आपले स्वागत’ म्हणतो तेव्हा समजा, इथे नारो शंकरांचा हात पोचला नव्हता!

आता बरुआसागर. इथे उतरायचे आणि आख्खा दिवस द्यायचा. ओरछ्याच्या उदितसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांध घालून हा तलाव केला. वर टेकडीवर किल्ला, खाली पाणी. मी बांध बघायला जातो. दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात आणि त्या पायऱ्याच भिंतीला आधार देतात. आज आपण धरण बांधायचे म्हणजे पाया, गळती, पुराचे पाणी यांचे किती हिशेब करतो! इथे ज्यांनी केले त्यांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत आणि जवळजवळ तीनशे वर्षे पाणी थांबून आहे. संध्याकाळी पायऱ्यांवर बसा. कपडे धुणाऱ्या बायका, डुंबणारी पोरे, पलीकडे किल्ल्याची सावली. आमच्या घरातल्यांना प्रथम नेले तेव्हा मुलाने दहा मिनिटांत ‘आता काय?’ म्हणून विचारले आणि दोन तासांनी त्याला उठवताना नाकी नऊ आले.

गावाच्या अलीकडे, झाशीच्या रस्त्यालगतच, जराय का मठ म्हणून देवीचे देऊळ आहे. नवव्या शतकातले, प्रतिहार राजांच्या काळातले, लालसर वालुकाश्मातले. आपण रस्त्याने खजुराहोला जातो ते याच्याच समोरून, आणि गाडी थांबत नाही, कारण खजुराहो ‘बघायचे’ ठरलेले असते! खजुराहोची देवळे याच्यानंतरची आहेत. इथे दाराच्या चौकटीवर जे कोरीवकाम आहे त्यासमोर तुम्ही एकटे उभे राहू शकता. मागे रांग नाही, गाईड नाही, ‘पुढे चला’ म्हणणारे कोणी नाही. पुरातत्त्व खात्याने जागा नीट राखली आहे.

आणि मंडईत जायला विसरू नका. बरुआसागर आल्यासाठी नावाजलेले आहे. तुमच्या चहातले आले कदाचित तिथलेच असेल. आल्याच्या राशींमधून चालताना येणारा तो वास कुठल्या फोटोत येणार?

पुढे रानीपूर रोड आणि मऊरानीपूर. आर्लिंग्टन रोच्या विणकरांचे सांगितले ना? हे आपले विणकर. मऊ आणि रानीपूर ही कापडाची गावे. पूर्वी इथला खारवा दूरवर जायचा. मराठीत खारवा म्हणजे जाड लाल कापड, वाण्याच्या चोपडीला असते ते. हिंदीत खरुआ. त्याचा लाल रंग आलाच्या मुळ्यांतून काढत. खायचे आले वेगळे, हे रंगाचे आल, आपल्या बारतोंडीच्या जातीतले झाड. बुंदेलखंडात त्याची शेती व्हायची. मग युरोपात रसायनापासून लाल रंग बनू लागला आणि आलाची शेती मेली. पुढे याच गावांनी टेरिकॉट विणले. तेही आता उतरणीला लागले आहे. तरी रानीपूरच्या गल्लीत मागाचा खडखडाट ऐकू येतो. आम्ही एका घरापाशी नुसते थबकलो तर आत बोलावून खाट टाकली, पाणी दिले, आणि पहिला प्रश्न, ‘कितै से आए?’ कुठून आलात? मी म्हटले झाशीहून. ‘काम का है?’ काही काम नाही, बघायला आलो. यावर आजोबा हसले आणि शेजाऱ्यांना हाक मारून म्हणाले, हे बघा, हे आपल्याला बघायला आलेत! त्यांना ते विनोदी वाटले. ग्लॉस्टरशायरमध्ये कोणालाच वाटत नाही.

मऊपासून आणखी पुढे गेलात तर बेलाताल स्टेशन लागेल. गाव जैतपूर. जिल्हा आता महोबा, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. १७२९ साली छत्रसालांना महंमदखान बंगशाने घेरले आणि बाजीराव धावून आले ते याच जैतपुराला. बंगशाला इथेच कोंडून शरण आणले. त्या मदतीपोटी छत्रसालांनी मुलखाचा वाटा दिला, त्यातून गोविंदपंत खेर, म्हणजे आपले गोविंदपंत बुंदेले, सागर-काल्पीचा कारभार बघू लागले, आणि मराठी माणूस इथे घर करून राहिला. २०१५ साली चित्रपट आला तेव्हा आपण बाजीराव-मस्तानी बघायला शहरात जाऊन रांगा लावल्या. ज्या गावी हे घडले ते आपल्याच गाडीच्या मार्गावर आहे आणि तिकीट चित्रपटाच्या निम्मेही नाही.

गुरसरायचे संस्थानिक खेर घराणे, काल्पी, कोंचची १८५८ ची लढाई, एट ते कोंच ही चौदाएक किलोमीटरची इवलीशी शाखा, जिला लोक लाडाने अद्धा म्हणतात, यांवर आज बोलत नाही. कार्यवाह घड्याळाकडे बघत आहेत.

पण आपण इथे कसे आलो ते दोन वाक्यांत सांगतो, कारण त्यावर पुढचे अवलंबून आहे. पहिली मराठी वस्ती पेशवाईची. त्यातून रघुनाथ विनायक धुळेकर घटना समितीत गेले आणि तिथे हिंदीतून बोलण्याचा आग्रह धरून बसले. आत्माराम गोविंद खेर उत्तर प्रदेश विधानसभेचे अध्यक्ष झाले. दुसरी वस्ती रेल्वेची, म्हणजे आपली. १८८९ च्या सुमाराला इंडियन मिडलँड कंपनीने इथले मार्ग टाकले. ते पुढे जीआयपीकडे गेले, ज्यांचे मुख्यालय बोरीबंदरला. १८९५ साली कारखाना निघाला. १९५१ साली मध्य रेल्वे झाली तेव्हाही झाशी मुंबईच्याच अखत्यारीत होती. म्हणून भुसावळ, कल्याण, सोलापूरहून माणसे बदलून येत राहिली. माझ्यासारखे डिप्लोमा करून भरती झालेले कितीतरी असेच आले. १ एप्रिल २००३ रोजी झाशी विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला आणि तो ओघ आटला. आता जे निवृत्त होतात ते पुण्याला फ्लॅट घेऊन जातात. त्यांच्या जागी मराठी माणूस येत नाही. मुले बंगळुरूला. या मांडवातल्या खुर्च्या मोजा, दहा वर्षांपूर्वीच्या मोजा, मी वेगळे सांगायला नको.

त्यामुळे ही घाई आहे. नारोशंकराची घंटा ऐकलेला आणि शंकरगढाखालून रोज कामावर जाणारा माणूस एकच असतो तेव्हाच या दोन गोष्टी जोडल्या जातात. पुण्याच्या माणसाला बरुआसागर ठाऊक नाही, बरुआसागरच्या माणसाला मालेगाव ठाऊक नाही. खारवा आणि खरुआ एकच, हे दोन्ही भाषा बोलणाऱ्यालाच सुचते. आणि असे शब्द आपल्या बायकांना आपल्यापेक्षा जास्त सापडतील. परवा आपल्याकडे गौरी आल्या. इथे भाद्रपद शुद्ध अष्टमीपासून सोळा दिवसांचे महालक्ष्मीचे व्रत सुरू होते आणि पितृपक्षातल्या अष्टमीला मातीच्या हत्तीची पूजा होते. शेजारणीकडे जाऊन बघितले आहे का? पितृपक्षात मुली बोरीच्या काटेरी फांदीला फुले टोचून मामुलिया काढतात, गाणी म्हणत तळ्यावर नेऊन शिरवतात. नवरात्रात पहाटे सुअटा खेळतात, रांगोळीचे चौक घालतात. आपला भोंडला, हादगा दुसरे काय आहे? क्वार्टरच्या भिंतीपलीकडे ही सहल आहे, तिला गाडीचेही भाडे नाही.

आता तक्रारी. त्या खऱ्या आहेत, म्हणून सांगतो. एप्रिल ते जून बाहेर पडू नका, पाथर तापतो आणि लू मारते. पाऊस सरल्यापासून होळीपर्यंतचे दिवस चांगले. बायकांसाठी स्वच्छतागृहांची सोय नाही म्हटले तरी चालेल. निघताना आणि परतताना स्टेशनवरच आटोपून घ्यावे. माहितीच्या पाट्या एक तर नाहीत किंवा त्यांवर जाहिराती चिकटवलेल्या. आणि रिकामे हिंडणाऱ्याकडे लोक जमीन मोजायला आलेला सरकारी माणूस म्हणून बघतात. दोन वाक्ये बुंदेलीत बोललात की मिटते.

एक तक्रार आपल्या बिजौलीचीच आहे. इथून बबिनाकडे किंवा शहराकडे जाताना क्रशरची धूळ दिसते. या टेकड्या ग्रॅनाइटच्या, खडी उत्तम निघते. रुळांखाली जी खडी लागते ती अशाच टेकड्यांतून येते, आणि खडीशिवाय गाडी चालत नाही हे मी कोणत्या तोंडाने नाकारू? पण कोणती टेकडी फोडायची आणि कोणती ठेवायची, हे ठरवायला त्या टेकड्यांना आधी नावे तरी माहीत हवीत. मी आमच्या ट्रॉलीमनांना विचारत गेलो. त्यांना प्रत्येक टेकडीचे नाव माहीत होते, वरच्या देवाचे, पायथ्याच्या विहिरीचेसुद्धा. मी डायरीत उतरवून घेतली आहेत. त्यांतल्या दोन टेकड्या आता नुसत्या नावाने उरल्या आहेत. ज्यांना डायरी बघायची असेल त्यांनी घरी यावे. शाळेतल्या मुलांनी तिचा नकाशा केला तर मी कागद आणि चहा, दोन्ही देईन.

शेवटचे. झाशीत १८४२ साली राणीसाहेबांचे लग्न झाले ते गणेश मंदिरात, तेव्हा आपला गणपती इथे जुना आहे. पण याच दहा दिवसांत इथला स्वतःचाही एक उत्सव येतो. भाद्रपद शुद्ध एकादशीला इकडे डोल ग्यारस म्हणतात. त्या सुमारास मऊरानीपूरला जलविहाराचा मेळा भरतो. गावातल्या देवळांमधले देव विमानांत बसवून मिरवत सुखनई नदीवर नेतात. आपल्या विसर्जनाच्या आधी तीन दिवस. आपले देव पाण्यात राहतात, त्यांचे पाण्याला भेटून घरी परततात.

यंदा त्या दिवशी आपण जाऊ या असा माझा बेत आहे. अध्यक्षांची परवानगी घेतली आहे. सकाळच्या आरतीला मागे चार जण थांबतील, त्यांची नावे ठरली आहेत. बाकीच्यांनी उद्या रात्रीच्या आरतीपर्यंत कार्यवाहांकडे नाव द्यावे. जेवण घरून बांधून आणायचे, दशम्या आणि चटणी पुरे. भाजी बरुआसागरच्या मंडईत घ्यायची इच्छा परतीच्या वाटेवर होईल, म्हणून एक रिकामी पिशवी. पाणी प्रत्येकाचे वेगळे. वयस्कर मंडळींनीही यावे, चालणे फार नाही. रानीपूरच्या त्या आजोबांना मी सांगून आलो आहे, की पुढच्या वेळी जास्त माणसे आणीन. खाट त्यांच्याकडे एकच आहे, तेव्हा चार-दोन सतरंज्या मंडळाच्या न्याव्या लागतील.

गणपती बाप्पा मोरया!